मीटरवरचा आकडा पुरेसा नाही
"कमी चाललेली छोटी गाडी निर्धास्त घ्या" हे सेकंडहँड गाडी घेण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी तशीच घेतली होती, ७ वर्षांत जेमतेम १८,००० किलोमीटर चाललेली. बहुतेक काळ नुसती उभी होती. दोन महिन्यांत बॅटरी गेली, टायरना बाजूने भेगा दिसल्या, ब्रेकचंही काम निघालं. रबर आणि ब्रेक ऑइल गाडी न चालवताही जुनं होतं हो!

टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या २३व्या आठवड्यात बनलेला. मीटर कमी दाखवतोय आणि टायर मात्र नवेकोरे, तर कारण विचाराच. इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा. सर्व्हिसच्या नोंदी नीट असतील तर मी रोज चाललेली गाडीच आधी पाहीन.