डावं म्हणजे वाईट?

एका लेखात इंग्रजी 'सिनिस्टर' या शब्दाचा अर्थ कपटी, अशुभ असा दिलाय. बरोबरच आहे, पण लॅटिनमध्ये त्याचा साधा अर्थ 'डावा'. गंमत म्हणजे रोमन शकुन पाहणारे दक्षिणेला तोंड करत, म्हणून पूर्व डावीकडे येई आणि डावी बाजू शुभ ठरे. ग्रीकांच्या प्रभावाने ती पुढे अशुभ झाली. 18व्या शतकात इंग्रजीने फ्रेंचमधून 'गॉश' उचलला, फ्रेंचमध्ये तोही डावाच, इंग्रजीत अर्थ अवघडलेला, बावळट. आपण तरी कुठे वेगळे? 'डावं-उजवं करू नकोस' म्हणतो, आणि 'डावलणे'तही डावा आहेच. मी डावखुरी. लहानपणी डाव्या हाताने प्रसाद घेतला की आजी हातावर चापटी मारायची, मग उजव्या हातावर परत वाढायची.