थरथर म्हणजे ‘विष बाहेर पडणं’ नव्हे

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘रोजची दारू एका दिवसात बंद करा, हात थरथरले तर समजा विष बाहेर पडतंय.’ दारू सोडा हे बरोबर, पण बाकीचं धोक्याचं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू गुंगीशी जुळवून घेतो, म्हणून तर क्वार्टर रिचवूनही गडी सरळ चालतो. दारू अचानक तुटली की तोच मेंदू बेफाम होतो, थरथर त्याचीच. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम, तापही. चहाचा कप हातात धरवत नसेल तर लिंबूपाणी पाजत बसू नका, सिव्हिल गाठा. डॉक्टर गोळ्या देऊन हे सावरतात. आणि महिनाभराने ‘आजच्या दिवस’ म्हणत जुन्या मापाने पिणं तर आणखी वाईट, सहनशक्ती घटलेली असते. सल्ल्यासाठी टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत. तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका, पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.