चाळीस कोटी मशीन गेली कुठं?

“तीन वर्षांत चाळीस कोटी मशीन विंडोज सोडून गेली, आणि तू अजून तेच विकूलालास?” अण्णानं कट्ट्यावर टेकायच्या आधीच बापूला धरलं. अण्णाचं बेळगावच्या उद्यमबागेत वर्कशॉप, बापूचं टिळकवाडीत कंप्युटरचं दुकान. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीची सुरक्षेची अपडेट, संपला, तेव्हापासून नवीन मशीन घ्यायचं की जुनंच रेटायचं यावर दोघांची जुंपलेली असते. मास्तर नि मी फुकटचे पंच.

त्या चाळीस कोटींची भानगड मास्तरांना माहीत होती. २०२२ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टनं सांगितलं, महिन्याला १४० कोटी उपकरणांवर विंडोज १० नि ११ वापरात आहे. जून २०२५ मध्ये कंपनीच्याच एका लेखात आलं, ‘शंभर कोटींहून जास्त’. लोकांनी सरळ वजाबाकी केली. बोंब उठल्यावर त्याच लेखात ‘१४० कोटींहून जास्त’ असं दुरुस्त केलं.

“म्हणजे एका दुरुस्तीत चाळीस कोटी परत आले?”

“गेलेच कुठं गा? १४० पण शंभरापेक्षा जास्तच की,” बापू म्हणाला.

“मग कंपनीचा कुठलाच आकडा धरायचा नाही,” अण्णानं निकाल देऊन टाकला.

इथं मी तोंड घातलं. आकडा बहुतेक वेळा खोटा नसतोच, कुठल्या दारात उभं राहून मोजला ते कुणी विचारत नाही. विंडोजची व्हिस्टा आवृत्ती घ्या. व्हिस्टा ३० जानेवारी २००७ ला सगळ्यांसाठी बाजारात आलं, आणि पहिल्याच महिन्यात २ कोटी लायसन्स विकल्याचं जाहीर झालं. त्यात कंप्युटर बनवणाऱ्या कंपन्यांना दिलेली लायसन्सही धरलेली. निपाणीच्या वखारीत तंबाखू पडली म्हणजे कुणी मळून तोंडात टाकली असं होतं काय?

बापूनं तो काळ दुकानात काढलाय. व्हिस्टा बिझनेसचं लायसन्स असलं की त्याच लायसन्सवर आधीचं विंडोज, एक्स्पी प्रोफेशनल, टाकायची रीतसर मुभा होती. “गिऱ्हाईक दारातूनच सांगायचं, ते व्हिस्टा काढ नि एक्स्पी घाल. मशीनवर एक्स्पी, हिशेबात व्हिस्टा!”

मास्तर म्हणाले, मग बाहेरच्यांचे आकडे घ्या. घ्या की. कुठलं विंडोज किती चालतंय ते बघणारं स्टॅटकाउंटर वेबसाइटची उघडलेली पानं मोजतं, म्हणजे दिवसभर बातम्या चाळणाऱ्या मास्तरांचं एक मशीन अण्णाच्या दहा मशीनना भारी. तसलंच दुसरं मोजणारं नेट ॲप्लिकेशन्स पानांऐवजी भेट देणारे मोजायचं आणि वर देशोदेशीच्या इंटरनेट वापरणाऱ्यांच्या संख्येचं वजन लावायचं, त्यामुळं दोघांची उत्तरं जुळायची नाहीत. कंप्युटरवरचे गेम विकणाऱ्या स्टीमच्या पाहणीत तर २०१७ च्या शेवटी विंडोज ७ एकदम उसळलं. आशियातल्या सायबर कॅफेतले खेळाडू जास्त वेळा मोजले जात होते. २०१८ मध्ये स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हनं ते कबूल करून पद्धत सुधारली.

मला विचाराल तर सगळ्यात भरवशाचा आकडा कंपनी चुकली तेव्हाचा. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं छातीठोक सांगितलं होतं, दोन-तीन वर्षांत विंडोज १० शंभर कोटी उपकरणांवर असेल. गेल्या २८ दिवसांत चालू असलेलं उपकरणच त्यात धरायचं. जुलै २०१६ मध्ये ‘२०१८ पर्यंत जमणार नाही’ अशी कबुली आली, आणि शंभर कोटी झाले ते मार्च २०२० ला. आकडे फुगवायचेच होते तर एवढी वाट कशाला बघितली असती?

“खरं पहिलं वर्ष फुकट दिलंतं की,” मास्तर. “फुकटचं घेतलं म्हणजे आवडलं होय?”

आवड मोजतोय कोण? वापर मोजलाय, तेवढाच मी मानतो. मास्तरांना पटलं नाही, ते अजूनही नाही.

अण्णाचं मन भलतीकडंच होतं. त्याच्या शेडमध्ये जुन्या लेथला जोडलेलं एक्स्पीचं मशीन आहे, नेट नाही, बंदही पडत नाही. “ते कुठल्या यादीत?”

“विकलं तेव्हा एकदा मोजलं, संपलं,” बापू म्हणाला. “त्याला नेट जोडलास तर मीच हाणीन तुला. बिलिंगचं तेवढं बदल, ते नेटवर असतंय.”

“कितीला पडंल?”

बापूनं किंमत सांगितली आणि अण्णानं त्या आकड्यावरही विश्वास ठेवला नाही.