लांबी मारून देतो ना!

गाडीला गंज लागणं ही इतर गावांत मालकाची खासगी अडचण असते. नाशिकमध्ये ती सार्वजनिक होते. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीने या शहरातल्या जवळजवळ प्रत्येक गल्लीला एक निवृत्त गृहस्थ बहाल केला आहे. त्याचा जन्म मोटारींच्या पत्र्यात गेलेला असतो आणि आता त्याला दुपारी झोप येत नाही. तुम्ही आपल्या गाडीच्या मडगार्डवरून नुसतं बोट फिरवा, समोरचं फाटक वाजलंच म्हणून समजा.

आमची पिकअप २००९ ची. मखमलाबादच्या बागेतून द्राक्षांचे क्रेट, परतीला खत, लग्नसराईत भावकी आणि भाद्रपदात मंडळाचा गणपती, असं सगळं तिने वाहिलं. इंजिन अजून अर्ध्या सेल्फला लागतं. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, तिच्याबद्दलचं मत दोनच शब्दांचं आहे: "पोरांपेक्षा बरी." अशा या गुणी गाडीच्या दाराला खालच्या कडेने फोड आले.

"ऊन लागून रंग फुगतो," अण्णांनी निकाल दिला.

उन्हाने फुगलेल्या त्या रंगावर मी बोट दाबलं. बोट आत गेलं. आत ओलं होतं.

लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला खालून वर ढकलतो. फोड दिसतो तेव्हा आतला कार्यक्रम उरकत आलेला असतो. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड चढतं, पण ते अंगाला घट्ट चिकटून राहतं आणि पुढचं नुकसान थांबवतं. लोखंडाच्या गंजाला ही माणुसकी नाही. त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालच्या ताज्या लोखंडाला पुन्हा हवा आणि पाणी मिळतं.

फाटक वाजलं. समोरचे नाना आले. नाना पेंट शॉपला होते, हे ते स्वतःच्या नावाच्या आधी सांगतात. त्यांनी लेंग्याच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला (हा माणूस लेंग्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर का बाळगतो, हे त्यांच्या घरच्यांनीही विचारायचं सोडून दिलंय). गंज तपासायची पद्धत तशी सरळ आहे. संशयित जागी मुठीने ठोकायचं. टणक आवाज आला तर पुढे जायचं, बद्द आवाज आला तर टोक दाबून बघायचं. नाना पुढे जायला तयारच नव्हते. दाराखालचा पत्रा, चाकावरची कमान, हौद्याचे कोपरे, फाळक्याची बिजागरी, प्रत्येक 'कच्च'ला त्यांचा चेहरा खुलत होता. तासाभराने गाडीला जितकी भोकं होती, त्यातली निम्मी गंजाची आणि निम्मी नानांची होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरचे दुसरे निवृत्त आले. "नाशिकची हवा कोरडी आहे हो. गंज मुंबईच्या गाड्यांना. खारी हवा."

"हवेचं सोडा," नाना म्हणाले, "यांनी हौद्यात काय काय भरलं ते विचारा."

मग माझी जबानी झाली. छाटणीनंतर पाऊस आला की द्राक्षावरच्या डावणी रोगाच्या धास्तीने बोर्डो मारायचा, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदाची गोणी दरवर्षी फुटते आणि दरवर्षी हौद्यातच फुटते. शाळेत सरांनी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकून दाखवला होता. खिळ्यावर तांबं चढतं, लोखंड पाण्यात उतरतं आणि निळं पाणी हिरवट होतं. मला त्या धड्याला पैकीच्या पैकी मार्क होते. आमच्या घरी तो प्रयोग अख्ख्या पिकअपवर चालू होता. शिवाय कांद्याच्या वावराला पोटॅश. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि समुद्रकाठच्या गाड्यांचा जीव घेतं तेही क्लोराइडच. "म्हणजे कोकण तुम्ही पन्नास किलोच्या गोणीत भरून घरी आणलंय," नाना म्हणाले. वर शेणखत. त्याच्या ओलाव्याबद्दल मी काही बोलायच्या आत नानांनी हात वर करून मला थांबवलं.

अण्णा एवढा वेळ खुर्चीत शांत बसले होते. "हौद्याला काही झालेलं नसणार," ते म्हणाले. "मी त्यात पहिल्या दिवसापासून रबरी मॅट टाकलीय."

मॅट उचलली. खाली पत्रा पाहायला मिळेल अशी अपेक्षा होती, तिथून थेट फरशी दिसली. मॅटखाली गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. उन्हाळ्यातसुद्धा तिथे ओल टिकते. अण्णांनी वाकून पाहिलं, सरळ झाले आणि म्हणाले, "मॅट बघ कशी नव्यासारखी आहे."

दुसऱ्या दिवशी मी गाडी द्वारका चौकाच्या पलीकडे एका गॅरेजात नेली. डेंटरने खाली वाकूनही न बघता सांगितलं, "लांबी मारून देतो ना, दादा. वरून रंग. दोन वर्षं बघायला नको."

"आणि दोन वर्षांनी?"

"तोवर विकून टाकाल ना राव."

जुन्या गाड्यांचा अर्धा बाजार या एका वाक्यावर चालतो. लांबी म्हणजे पुट्टी, खड्डे सपाट करायचा मसाला. ती सुकली तरी पाणी शोषते. गंजावर लांबी थापली की आतला उद्योग चालूच राहतो, फक्त आता त्याच्या डोक्यावर छप्पर असतं. शिवाय माल वाहणारी गाडी, आठ वर्षांनंतर तिचं फिटनेस दरवर्षी. पेठ रोडला आरटीओत गाडी उभी आहे, साहेब टायरकडे बघताहेत आणि मागे फाळका स्वखुशीने खाली उतरतोय, हे दृश्य मला झोपेत दिसायला लागलं होतं.

दुसरा डेंटर भेटला तो कमी बोलणारा होता. त्याने आधी बॅटरीची वायर सोडली आणि मग ग्राइंडर हातात घेतला. मला तिथेच बरं वाटलं. कुजलेला पत्रा तो चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापत गेला. चकचकीत लोखंड लवकर लागत नव्हतं. जमिनीवर पडलेली गाडी आणि स्टँडवर उरलेली गाडी यांतली जास्त कोणती, असा प्रश्न पडावा इथपर्यंत काम आलं. मग नव्या पत्र्याचे तुकडे बेतून वेल्डिंग. जिथे कापता येत नव्हतं तिथे तारेचा ब्रश आणि त्यावर फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजनाशक. ते लागलं की तांबूस गंज काळा पडतो. वर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि लांबी नावाची ती बाई सगळ्यात शेवटी, प्रायमरच्या वर, नखाएवढी.

"आता पाठीमागून," तो म्हणाला. वेल्डिंगच्या आचेने पत्र्याच्या मागचा रंग जळून जातो आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. त्यामुळे दाराच्या पोकळीत नळी घालून मेणाचा फवारा मारायचा. समोरून चकाचक रंग मारणारे शंभर भेटतील, पण पाठीमागे नळी घालणारा मला हा एकच भेटला. मजुरी ऐकल्यावर असे लोक दुर्मिळ का, हेही कळलं.

जाताना त्याने दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं दाखवली. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते या भोकांतून बाहेर जायला हवं. आमची भोकं चिखलाने, द्राक्षाच्या पाल्याने आणि आधीच्या कोणा कलाकाराच्या लांबीने बुजलेली होती. म्हणजे इतकी वर्षं आम्ही दार लावताना 'डुबुक' आवाज यायचा, तो पाण्याचा होता. अण्णा त्याला "जुन्या गाडीचा भरीव आवाज" म्हणायचे.

गाडी घरी आली आणि सल्ल्यांचा दुसरा हंगाम सुरू झाला. कोपऱ्यावरच्यांनी जळकं ऑइल सुचवलं, खालून फासून टाका म्हणाले. त्यावर धूळ बसते, रबरी बुश फुगतात आणि उरलेलं ऑइल अंगणात टपकतं. रांगोळीच्या जागेवर पहिला थेंब पडला तर काय होईल, एवढा एकच मुद्दा मी मांडला. सूचना मागे घेतली गेली.

"दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे," ते मग जरा रागाने म्हणाले. "त्याला कोणी मेणाचा फवारा मारला?"

नानांना याचीच वाट होती. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे त्याच्या अंगावर फॉस्फेटचा पातळ थर धरतो आणि तोच त्याला राखतो, हे त्यांनी पूर्वीच वाचून ठेवलं होतं. "आणि मुख्य म्हणजे," स्क्रूड्रायव्हर वर करून ते म्हणाले, "गुप्त राजांचा मेहुणा त्याच्यातून शेणखत नेत नव्हता."

माझा मेहुणा त्याच रविवारी आला.

"दाजी, दोन दिवस पिकअप पाहिजे होती. मोरचूद आणायचंय, आणि येताना थोडं खत."

मी नकाराची जुळवाजुळव करतोय तोवर अण्णांनी खिळ्यावरची किल्ली काढून त्याच्या हातात दिलीही होती. मग मी आतून ताडपत्री आणली, पाण्याचा पाइप आणला, माल उतरला की त्याच दिवशी हौदा खालून-वरून धुवायचा, फाळका उघडा ठेवायचा, गाडी उतारावर लावायची, हे सगळं दोनदा सांगितलं. शेवटी एक वीतभर तार दिली.

"ही कशाला?"

"दारांच्या भोकात घालायला. रोज संध्याकाळी."

त्याने तार हातात फिरवून पाहिली आणि बहिणीकडे वळला. "ताई, दाजींना बरं नाहीये का?"