घाबरा, पण रीतसर

शेजारच्या कॉलेजात केमिस्ट्रीची लॅब आहे, हे कळलं ना? मग आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाका. कुठलं रसायन किती वाईट, हे नावाच्या लांबीवरून ठरवायचं. टू-फोर-डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझीन! नुसतं वाचूनच धाप लागते. २०१६ साली ब्रिटनमधल्या कितीतरी शाळांनी याच पावडरीपायी बॉम्बनाशक पथकं बोलावली. ती पार सुकली तर स्फोट होऊ शकतो, हे खरं. पाण्यानं ओलसर ठेवली तर मुकाट पडून राहते, हे मात्र कुणाला सांगू नका, उगाच रंगाचा बेरंग.

हायड्रोफ्लोरिक आम्लाला अजिबात घाबरू नका. पुस्तकात त्याला चक्क ‘दुर्बल आम्ल’ म्हटलंय. बिचारं काच खातं म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत राहतं, एवढंच. पातळ द्रावण हातावर सांडलं तर लगेच दुखतसुद्धा नाही. दुखायला लागतं काही तासांनी, तोवर फ्लोराइड आत उतरून शरीरातल्या कॅल्शियमच्या मागे लागलेलं असतं.

आणि १९९६चा ऑगस्ट. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या जहाल विषारी संयुगाचे एक-दोन थेंब पडले. स्वतः विषारी धातूंच्या तज्ज्ञ, वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली काम, हातात लेटेक्सचे मोजे. ते मोजे या द्रव्याला काही सेकंदांहून जास्त अडवत नाहीत, हे तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या जूनमध्ये त्या गेल्या. यावरून तुम्ही ‘लॅबच बंद करा’ एवढंच म्हणायचं. कुठल्या रसायनाला कुठले मोजे, असले किरकोळ प्रश्न लॅबवाल्यांवर सोडा. (त्या घटनेनंतर ते हाच प्रश्न विचारायला लागले, हा भाग वेगळा.)

आता जरा घरचं बघू. सायकलवरून फिनेल-ॲसिड विकणारा आला की पाण्याच्या जुन्या बाटलीत ॲसिड घ्या. लेबल नाही, कवटी नाही, म्हणजे घरगुतीच. रविवारी संडास घासताना ते ओता. डाग हटत नाहीत? वरून कपड्यांचं ब्लीच ओता. फेस आला की समजा, काम झालं. डास येतात म्हणून खिडकी लावलेलीच असू द्या. हिरवट-पिवळा धूर दिसला, घसा आवळला, डोळ्यांतून पाणी आलं, तर बाहेर या, खोकला जरा ओसरू द्या आणि ग्रुपवर लिहा: ‘कॉलेजवाल्यांनी आज परत काहीतरी सोडलंय.’