रेल्वे काढली म्हणून वारली चित्र नकली होत नाही

‘महोत्सवात विकायला ठेवलेली, रेल्वे-विमानं काढलेली वारली चित्रं नकली, खरी कला फक्त लग्नाच्या भिंतीवरची,’ असा मेसेज फिरतोय. तो साफ चुकीचा आहे.

लग्नाच्या वेळी भिंतीवर काढतात तो चौक (विधीचं चित्र) हा विधी, सवासिनींचा मान. पण डहाणूतल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकातच ही कला कागदावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बांबूच्या काडीचं टोक ठेचून, तांदळाच्या पांढऱ्या रंगात दोन त्रिकोणांचं माणूस उभं करणारा हात वारली आदिवासीचाच आहे. त्याच्या गावाजवळून रेल्वे जाते, ती त्यानं का काढू नये? शंका घ्यायचीच तर कारखान्यात छापलेल्या ‘वारली’ चादरींवर घ्या.