पाच वर्षं झाली म्हणून गेमिंग पीसी विकू नका

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. पाच वर्षांहून जुन्या गेमिंग पीसीवर खर्च म्हणजे पैसे पाण्यात, जुन्या प्रोसेसरवर नवं ग्राफिक्स कार्ड चालत नाही, विंडोज 10 बंद झाल्यावर जुनी मशीनं निकामी झाली, आणि सुटे भाग घेण्यापेक्षा दुकानातला तयार पीसीच स्वस्त पडतो, असं त्यात ठासून सांगितलंय. माझ्या नात्यातली माणसं हे वाचून चांगलं मशीन एक्सचेंजमध्ये द्यायला निघाली, म्हणून लिहिते आहे.

पहिला मुद्दा वयाचा. मशीनचं नुसतं वय विचारून काहीच कळत नाही, आधी मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, बघावा लागतो. 2018 चा बी450 बोर्ड आणि त्यावर एएमडीचा रायझन 5 2600 प्रोसेसर असेल, तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन 5 5600 किंवा 5700एक्स3डी बसतो. रॅम तीच, कॅबिनेट तेच. याउलट इंटेलच्या सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) आकडा 1151 असा तोच असला तरी. म्हणजे साधारण एकाच काळात घेतलेल्या दोन मशीनांना दोन वेगळी उत्तरं आहेत. एक काळजी मात्र घ्या: बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करायचं आणि मशीन यूपीएसवर ठेवूनच. मध्येच लाइट गेली तर बोर्ड अडकून पडू शकतो.

गेम अडखळतो म्हणजे मशीन संपलं, हेही याच मुद्द्यात घुसडलंय. सुरुवातीला गेम छान चालतो आणि काही वेळाने फ्रेम पडायला लागतात, तेव्हा आधी उष्णतेचा संशय घ्यायचा. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पंख्यांत धूळ साचलेली असते, प्रोसेसरवरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असते. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट यांचा खर्च नव्या मशीनपुढे काहीच नाही, तो आधी करून बघा. रॅमची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी जोडल्यानेही बऱ्याच गेममध्ये फरक पडतो.

आता ग्राफिक्स कार्ड. नवं कार्ड जुन्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये (बोर्डावर कार्ड बसतं ती खाच) चालतं. थोडा वेग जाईल, पण बहुतेक कार्डांत तो जाणवत नाही. आरएक्स 6500 एक्सटीसारखं कार्ड मात्र चारच लेनवर (डेटा जाण्याच्या वाटांवर) चालतं, ते जुन्या पीसीआय एक्सप्रेस 3.0 स्लॉटवर खरंच मार खातं. अडतंय कुठे हे घरीच तपासता येतं. गेमचं रिझोल्यूशन कमी करा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं, नाही वाढल्या तर बहुधा प्रोसेसर. टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण टक्का बघून फसू नका, तो चाळीस दिसत असताना एखादा कोर पूर्ण भरलेला असू शकतो. आणि कार्ड घेण्याआधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा आहे, लागणारे कनेक्टर त्यावर आहेत का, हे बघायलाच हवं.

विंडोज 10 चं नेहमीचं सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलं, हे खरं. पण विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि बहुतेक रायझन 2000 पासून पुढे चालतं. 2020 मध्ये नव्या भागांनी बांधलेलं मशीन त्यात सहज बसतं. ‘हा पीसी चालणार नाही’ असा संदेश आला तर बायोसमध्ये टीपीएम (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय) बंद आहे का बघा. तो चालू केला की पुष्कळदा काम होतं.

स्वस्त पडण्याची गोष्ट तर आजच्या बाजारात अजिबात पटत नाही. एएमडीचं नवं एएम5 सॉकेट फक्त डीडीआर5 या नव्या पिढीची रॅम घेतं, म्हणजे तुमची आधीच्या पिढीची डीडीआर4 तिथे उपयोगाची नाही. आणि 2025 च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव जोरात चढले. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटर दुकानांत तयार पीसीचं कोटेशन घ्याल तेव्हा प्रत्येक भागाचं नाव आणि मॉडेल लिहून मागा. किंमत खाली आणायची तर काटछाट सहसा एसएमपीएस आणि रॅममध्येच होते.

नवं घ्यावंच लागतं अशी मशीनं आहेत. सातव्या पिढीचा चार कोरांचा आय5 आणि 2016 चं जीटीएक्स 1060 असेल, तर विंडोज 11 साठी बोर्ड आणि प्रोसेसर बदलावा लागेल. कार्डही बदलावं लागेल, कारण ‘डूम: द डार्क एजेस’सारख्या गेमला रे ट्रेसिंगचं (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचं) हार्डवेअर लागतंच आणि या कार्डात ते नाही. अशा वेळीही अख्खं मशीन एक्सचेंजला देऊ नका. कॅबिनेट, एसएसडी, मॉनिटर आणि वॉरंटीत असलेला चांगला एसएमपीएस काढून ठेवा, ते नव्या बोर्डाबरोबर चालतील.